संगणकावरील भूमिकेचे खेळ : पुढचा कोणता निवडावा?

खेळाविषयी कोणी गंभीरपणे बोलू लागले की वडीलधारी मंडळी किंचित हसतात, आणि तो खेळ संगणकावरचा आहे असे कळले की ते हसूही मावळते. यात त्यांचा फारसा दोष नाही. घरातला मुलगा पडद्यासमोर तासन् तास बसलेला त्यांस दिसतो; त्या तासांत तो काय करतो, हे मात्र दिसत नाही. तथापि खेळावे की न खेळावे, हा आजचा आपला विषय नव्हे. एखादा खेळ ज्याने पुरा केला आहे आणि आता पुढे कोणता घ्यावा या विचारात जो पडला आहे, त्याच्यासाठी हे विवेचन आहे. ज्यांनी एकही खेळलेला नाही, त्यांस घरात चालले आहे ते काय, एवढे जरी यातून उमगले तरी आम्हांस पुरे आहे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. चित्रपट तीन तासांत सुटतो, कादंबरी आठवड्यात वाचून होते. आम्ही ज्या जातीच्या खेळांविषयी बोलत आहोत, ज्यांस इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम आणि मुलांच्या बोलण्यात नुसते आरपीजी म्हणतात, त्यांतील एक पुरा करण्यास वीस तासांपासून शंभर तासांपर्यंत कितीही वेळ लागतो. दुकान किंवा नोकरी सांभाळून रोज रात्री एक तास काढणाऱ्या माणसाच्या हिशेबाने एक मोठा खेळ म्हणजे सबंध उन्हाळा. निवड चुकली तर तेवढा काळ गेला; आणि बहुधा होते असे की, निवड चुकल्याचे दहाव्या तासाला ध्यानात येऊन माणूस तो खेळ सोडतो, दुसरा घेतो, तोही सोडतो. अशा रीतीने चार-पाच खेळ अर्धवट टाकल्यावर ‘हे आपले काम नव्हे’ असा त्याचा ग्रह होतो. वास्तविक ते त्याचे काम असते. त्याने घेतलेले खेळ त्याच्यासाठी नसतात, इतकेच.

पूर्वी हा पेच नव्हता, कारण जुने खेळ मिळतच नसत. संगणक बदलला की जुनी तबकडी निरुपयोगी होई. २००८ साली पोलंडमधील एका संस्थेने ‘जीओजी’ या नावाने जुने खेळ नव्या संगणकावर चालतील असे करून अल्प किमतीत विकण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा खेळही कोणासही घरबसल्या घेता येतो. सणासुदीला भाव आणखी उतरतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत प्रथमच एकटा गेलेला मुलगा आकाशपाळण्यात बसावे की जादूचे प्रयोग पाहावेत हे ठरवता ठरवता सबंध गड्डा पालथा घालतो आणि पैसे तसेच खिशात घेऊन घरी येतो. आजच्या खेळाडूची अवस्था काहीशी अशीच आहे. फरक एवढाच की येथे पैसे खर्च झालेले असतात.

मग माणूस याद्या शोधू लागतो. ‘सर्वोत्कृष्ट शंभर’ अशा याद्यांस तोटा नाही. फेलिपे पेपे नावाच्या ब्राझिली गृहस्थाने अनेकांच्या साहाय्याने या खेळांचा एक जाडजूड कोशच सिद्ध करून २०१८ साली विनामूल्य प्रसिद्ध केला. तो ज्याने-त्याने संग्रही ठेवावा. पण शब्दकोश जवळ असला म्हणून काय बोलावे हे सुचते असे नाही. यादीतील क्रमांक हा यादी करणाराच्या तरुणपणाचा हिशेब असतो, तुमच्या गरजेचा नव्हे. यासाठी प्रथम या खेळाचे मूळ पाहिले पाहिजे. निवडीची किल्ली तेथे आहे, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे दोन प्रकारचे घरगुती खेळ परंपरेने चालत आले आहेत. एक भातुकली. तीत कोणी आई होते, कोणी पाहुणा होतो. भूमिका आहे, पण नियम नाहीत, आणि म्हणून भांडण झाले की खेळ मोडतो. दुसरा सारीपाट. त्यात नियम आहेत, फासे आहेत, हारजीत आहे; परंतु सोंगटी ही सोंगटीच राहते, तिला सुखदुःख नाही. राजा, राणी, चोर, शिपाई असे चिठ्ठ्यांवर लिहून खेळतात त्यात या दोहोंचा ओझरता संगम होतो, पण चोर ओळखला की तो संपला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा जो खेळ छापून काढला त्यात भातुकली आणि सारीपाट यांची खरी सोयरीक झाली. चार-सहा मित्रांनी मेजाभोवती बसावे. एकाने सूत्रधार होऊन प्रसंग सांगावा. बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन, ‘मी दार ठोठावतो’, ‘मी पहारेकऱ्याशी गोड बोलतो’, असे आपापले म्हणणे मांडावे. आणि ते साधले की फसले हे फाशांनी ठरावे. पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई हे सर्व कागदावर आकड्यांनी लिहिलेले असे. संगणकावरील भूमिकेचा खेळ हे या मेजावरच्या खेळाचे अपत्य. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठातील प्लेटो नावाच्या यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी त्याच्या पहिल्या आवृत्त्या लिहिल्या.

येथे एक अडचण आली, आणि ती सोलापूरकरांस इतरांपेक्षा लवकर समजेल. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्राने उतरते त्याची भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेल्या त्या युक्तीवरूनच पुढे चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्याची रीत सुचली. तेव्हा संगणक आपल्या गावाला तसा परका नाही. पण जॅकार्डचा धर्म काय? कार्डावर जे भोक आहे तेच कापडावर उतरेल. मोराची कार्डे लावून माग चालू केल्यावर ऐन वेळी हत्ती काढ म्हटले तर तो काढणार नाही. मेजावरचा सूत्रधार जिवंत माणूस असतो. तुम्ही काहीही म्हणा, तो त्यावर काही रचून सांगेल. संगणकाला हे साधत नाही. खेळाडू काय काय करू शकेल याचा निर्मात्याला आधीच विचार करून तेवढीच भोके पाडून ठेवावी लागतात. आणि आरंभीच्या संगणकांची स्मरणशक्ती ती केवढी? १९८१ सालचे पहिले प्रसिद्ध खेळ ज्या ॲपल-दोन यंत्रावर चालत त्याची धारणा ४८ किलोबाइट होती. आपल्या खिशातील फोनने काढलेले एक छायाचित्र याहून कित्येक पटींनी मोठे असते. एवढ्याशा जागेत सगळा सूत्रधार मावणे शक्यच नव्हते. म्हणून प्रत्येक निर्मात्याने त्याचा एकेक अंश तेवढा घेतला. कोणी आकडे घेतले, कोणी प्रवास घेतला, कोणी बोलणे आणि वागणे घेतले. पुढे यंत्रे मोठी झाली तरी या तीन वाटा पुसल्या गेल्या नाहीत. गेल्या खेळात यांपैकी कोणत्या वाटेवर आपण रमलो, हे ज्याने ओळखले त्याचे निवडीचे निम्मे काम झाले.

आकड्यांची वाट सर्वांत जुनी. ‘विझर्ड्री’ हा अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा १९८१ चा खेळ तिचा मूळपुरुष. सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरायचे. दहा मजले, प्रत्येक मजला वीस घरे लांब व वीस घरे रुंद. नकाशा मिळत नाही, तो ग्राफ पेपरवर आपणच काढायचा. कथा नावापुरती. साथीदार मेला तर त्याला उठवण्याचा विधी फसू शकतो, आणि तो कायमचाही जाऊ शकतो. ज्यांस बुद्धिबळातील डाव मांडण्यात किंवा वर्षअखेरीचा ताळेबंद जुळवण्यात सुख वाटते, त्यांस यात अपार सुख आहे. इतरांस नाही, आणि ते नाही म्हणून लाजण्याचेही कारण नाही. जुने रूप अगदीच रुक्ष वाटल्यास २०२४ मध्ये याचीच नवी, नेटकी आवृत्ती निघाली आहे. थोडी अधिक कथा हवी असेल तर १९८८ चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ पाहावा. त्याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. तबकडीवर मजकुराला जागा नाही, म्हणून खेळाबरोबर एक छापील पुस्तिका देत आणि पडद्यावर ‘अमुक क्रमांकाचा उतारा वाचा’ अशी सूचना येई. पुस्तिकेत काही खोटे उतारेही मुद्दाम घातलेले होते, म्हणजे आगाऊ वाचणाऱ्याची फजिती व्हावी.

प्रवासाच्या वाटेविषयी आम्ही एकाच खेळाचे नाव घेतो, २००२ चा ‘मॉरोविंड’. तुम्ही बंदिवासातून सुटलेले एक अनोळखी माणूस म्हणून जहाजातून एका बेटावर उतरता, आणि पुढे कोणी बोट धरून नेत नाही. नंतरच्या काळातील खेळांत जेथे जायचे तेथे एक बाण नेऊन सोडतो. येथे बाण नाही. गावातला माणूस पत्ता तोंडी सांगतो; नदी ओलांडा, दोन खडक दिसतील, तेथून पूर्वेला वळा. कधी त्याचा पत्ता चुकीचाही निघतो. बार्शीकडच्या एखाद्या वाडीचा रस्ता विचारत ज्याने फटफटी हाकली आहे त्याला या अनुभवाचे वेगळे वर्णन करून सांगण्याची जरुरी नाही. मात्र एक लांबरुंद प्रदेश नुकताच पालथा घालून आलेल्या माणसाने लगेच दुसऱ्या प्रदेशात शिरू नये. पाय दुखतात ते खेळातही दुखतात.

आता तिसरी वाट. आमचा ओढा हिच्याकडे आहे हे आम्ही लपवत नाही.

रिचर्ड गॅरियट या तरुणाने ‘अल्टिमा’ मालिकेचे पहिले तीन खेळ लिहिले. त्यांत दुष्टाचा वध करायचा, की झाले. पण आपले खेळाडू वाटेत दुकानदारांना लुटून, निरपराध गावकऱ्यांना मारून विजयी होत आहेत आणि तरीही खेळ त्यांना वीर म्हणत आहे, हे त्याच्या ध्यानात आले. मग १९८५ साली त्याने चौथा ‘अल्टिमा’ काढला. त्यात मारावयाचा असा कोणी महादुष्ट नाही. सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि विनय असे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे. हा शब्द त्याने आपल्या संस्कृतातूनच उचलला. आरंभी एक भविष्य सांगणारी बाई तुम्हांला पेचाचे प्रश्न विचारते, करुणा थोर की सचोटी अशा धर्तीचे, आणि तुमच्या उत्तरांवरून तुमचे पात्र ठरते. खेळात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. किंमत ती सांगते, पण नाणी किती द्यायची हे तुम्ही टंकायचे. कमी दिली तर ती काही बोलत नाही; पडद्यावर काही घडत नाही. तुमची सचोटी मात्र आत कोठेतरी खाली उतरलेली असते, आणि त्याचा प्रत्यय पुष्कळ पुढे येतो.

आपल्या मोक्षपटाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. मोक्षपटावरही सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत. परंतु तेथे शिडी मिळते ती कवड्यांच्या दानाने. दान पडले म्हणून मनुष्य दयाळू झाला! चौथ्या ‘अल्टिमा’त दान नाही, बाईसमोर उभे राहून किती नाणी मोजायची हे आपल्याच बोटांनी ठरवावे लागते. हा खेळ सध्या विनामूल्य मिळतो. चित्रे अगदी साधी, चौकटी-चौकटींची आहेत, आणि सर्व काही टंकून करावे लागते, हे मात्र आधी सांगून ठेवतो.

म्हणूनच जो या जातीत नवखा आहे त्याने जन्मसाल पाहून सर्वांत जुन्यापासून आरंभ करू नये. ज्ञानेश्वरी थोर आहे म्हणून चौथीच्या मुलाला प्रथम तीच देत नाहीत. नवख्याला, आणि एक-दोन नवे खेळ झालेल्यालाही, आम्ही १९९७ चा ‘फॉलआउट’ सुचवतो. अणुयुद्धाने जग उजाड झाले आहे. काही लोक पिढ्यान् पिढ्या जमिनीखालील तळघरात राहत आहेत. त्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक भाग निकामी होतो, आणि तुम्हांला बाहेर पाठवले जाते. मुदत १५० दिवस. बाहेर फिरताना दिवस मोजले जातात. पैसे जमवून व्यापाऱ्यांकरवी घरी पाणी पोचते केले तर आणखी १०० दिवस मिळतात. उजनी भरलेली असताना नळाला चार-चार दिवसांनी पाणी येताना ज्या शहराने पाहिले आहे, आणि टँकरची वाट ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला ही कथा परदेशी वाटण्याचे कारण नाही. लढाई येथे पाळीपाळीने होते, घाई नाही. बुद्धीचा आकडा फार कमी ठेवून पात्र केले तर ते धड बोलूही शकत नाही आणि लोक त्याच्याशी तसेच वागतात. उलट वाक्चातुर्य असेल तर शेवटच्या शत्रूलाही पुरावा पुढे ठेवून, वाद घालून नमवता येते. खेळ वीस-पंचवीस तासांत संपतो. आकडे, प्रवास आणि बोलणे तिन्ही यात थोडथोडे आहे, त्यामुळे आपल्याला काय रुचते याची पारखही आयतीच होते.

२०२३ च्या ‘बॉल्डर्स गेट’ तिसऱ्या भागाने पुष्कळ तरुणांना या छंदाची गोडी लावली, आणि तो संपला की ते साहजिकच पहिल्या भागाकडे, १९९८ च्या मूळ खेळाकडे, वळतात. आम्ही त्यांस किंचित थांबवू इच्छितो. नाव एक असले तरी घराणे बदलले आहे. तिसरा भाग बेल्जियममधील मंडळींनी केला, त्यात पाळीने लढाई आणि क्षणोक्षणी संवाद आहेत. पहिला भाग कॅनडातील बायोवेअर या संस्थेचा. ती काढणारे पेशाने डॉक्टर होते. त्यात लढाई सलग चालते व आपण हवे तेव्हा थांबवायची असते, सोबती मोजकेच बोलतात, आणि आरंभी एखादा लांडगाही तुमच्या मांत्रिकाचा प्राण घेतो. तिसऱ्या भागातील बोलणे ज्याला आवडले त्याची भूक ‘फॉलआउट’ने अधिक भागेल. ज्याला सवंगड्यांचा मेळा आणि लांबच लांब कथा हवी आहे त्याने २००० सालचा दुसरा भाग धरावा. मात्र त्यासाठी मघाचा तो सबंध उन्हाळा हाताशी हवा.

आणि ज्याला खरोखर वाचनच हवे आहे त्याच्यासाठी १९९९ चा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’. नायक शवागारात जागा होतो. त्याला मरण येत नाही, पण प्रत्येक वेळी स्मृती जाते. मागील जन्मांत आपण कोणाशी काय केले हे त्याला इतरांच्या तोंडून ऐकावे लागते, आणि ऐकताना मान खाली घालावी लागते. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला ही कल्पना जितकी भिडेल तितकी ती तिच्या मायदेशी भिडली असेल की नाही, अशी आम्हांस शंका आहे. आरंभी हा खेळ फारसा खपला नाही. त्याची कीर्ती मागाहून वाढली. त्यात सुमारे ८,००,००० शब्दांचा मजकूर आहे, आणि इंग्रजीही सरळ नाही. लंडनच्या जुन्या चोरांची बोली मुद्दाम वापरलेली आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्याने हा पहिला म्हणून घेऊ नये, तिसरा-चौथा म्हणून जरूर घ्यावा, आणि पहिले चार तास शब्द अडले तरी सोडू नये. हा पुरा करून ज्याची तहान उरेल त्याला एस्टोनियातून आलेल्या मंडळींचा २०१९ चा ‘डिस्को एलिसियम’ आहे. त्यात तर लढाई म्हणून वेगळी नाहीच.

एका सवयीविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण ती कोणताही खेळ नासवते. संगणकावर खेळ कोणत्याही क्षणी ‘सेव्ह’ करून ठेवता येतो. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात ते अवश्य करावे. पण एखादे वाईट बोललो, साथीदार रागावून निघून गेला, की मागे जाऊन ते बोलणेच पुसून टाकायचे, ही चाल भूमिकेच्या मुळावर घाव घालते. विजेसाठी सेव्ह करावे, पश्चात्ताप टाळण्यासाठी करू नये. ज्याला हे जमत नाही त्याने तिसऱ्या वाटेचे खेळ घेण्यापेक्षा ‘विझर्ड्री’चे भुयार धरावे, तेथे त्याचे समाधान होईल.

खर्चाचा प्रश्न या बाबतीत फारसा येत नाही. नवे खेळ चालवण्यास महागडा संगणक लागतो. वर सांगितलेले बहुतेक जुने खेळ कचेरीतल्या साध्या लॅपटॉपवरही चालतात. सोलापूरच्या वैशाखात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडवत नाही, तेव्हा वेळही हाताशी असतो. हवी ती एक वही. ‘मॉरोविंड’मधील पत्ते, ‘विझर्ड्री’चे नकाशे, कोणाला काय कबूल केले ते, सारे तीत लिहावे. खेळ आठ दिवस बंद पडून पुन्हा हाती घेतला की त्या वहीवाचून धागा सापडत नाही, आणि बहुतेक खेळ अर्धवट सुटतात ते नेमके तेथे.

आपल्या मातीतले काही आहे काय, असे विचारले जाते. पुण्याच्या मंडळींनी २०२० मध्ये केलेला ‘राजी’ देखणा आहे, पण तो धावपळीचा आणि लढाईचा खेळ आहे, भूमिकेचा नव्हे. या जातीत बसतो तो पायरोडॅक्टिल या भारतीय संस्थेचा, लोकवर्गणीतून झालेला आणि २०१४ साली निघालेला ‘अनरेस्ट’. प्राचीन भारताच्या धर्तीवरचे भीमरा नावाचे कल्पित नगर, तेथे दुष्काळ पडलेला. तुम्ही एकच वीर नसता. एका प्रकरणात राजकन्या, दुसऱ्यात आणखी कोणी, आणि एकात शेतकऱ्याची मुलगी, जिचे लग्न तिला न विचारता ठरले आहे. तलवार उपसण्याचे प्रसंग थोडे आणि जिवावर बेतणारे. बाकी सारे बोलून, मिनतवारी करून, कधी गप्प राहून. कारागिरी काही ठिकाणी कच्ची आहे आणि शेवट घाईने उरकला आहे, असे आमचे मत पडले. पण त्या मुलीने बापासमोर उभे राहून काय बोलावे हे निवडताना हात जरा थबकतो. लांबीने तो थोडक्यात आटोपतो, तेव्हा दोन मोठ्या खेळांच्या मध्ये, ‘फॉलआउट’ संपल्यावर आणि ‘टॉर्मेंट’ हाती घेण्यापूर्वी, तो घ्यावा.